नवे कॅबिनेट, तापणारा बोर्ड

"जुन्या डब्यात सगळे ठीक होते. काचेचे नवे कॅबिनेट आणले, आतले सामान तेच ठेवले, आणि आता मदरबोर्ड तापतो." उन्हाळा लागला की रायपूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न येऊ लागतो. विचारणारा कधी एनआयटीत शिकणारा मुलगा असतो, कधी घरून हिशेबाचे काम करणारे तात्यापाऱ्यातले गृहस्थ, तर कधी लग्नाचे व्हिडिओ कापणारा छायाचित्रकार. प्रश्नाचे शेपूटही ठरलेले असते: "दुकानदार म्हणतो बोर्ड गेला. बदलून टाकू का?"

इतक्यात बदलू नका. कॅबिनेट बदलल्यावर तापू लागलेला बोर्ड बहुतेक वेळा स्वतः दोषी नसतो. त्याच्यापर्यंत हवा पोहोचत नसते, हीटसिंक नीट बसलेला नसतो, किंवा पाठीमागे धातू टेकलेला असतो. यांपैकी नेमके काय झाले आहे, हे घरी बसून, पैसा न खर्चता, एका संध्याकाळी कळू शकते. क्रम मात्र मोडू नका.

आधी हे पाहा: कोणत्या लक्षणांवर यंत्र तिथल्या तिथे बंद करायचे

पुढच्या सगळ्या चाचण्या यंत्र सुरक्षित असेल तरच करायच्या आहेत. खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली, तर भिंतीवरचे बटण बंद करा, प्लग काढा आणि थेट "बोर्डाची पाठ" या भागाकडे या.

- जळका वास, किंवा प्लास्टिक वितळल्यासारखा वास.
- बटण दाबल्यावर पंखे क्षणभर फिरतात आणि थांबतात. पुन्हा दाबले तरी तेच.
- काहीही काम चालू नसताना बोर्डावरची एखादीच चिप किंवा एकच कोपरा बोट टेकवणार नाही इतका गरम.
- वीजजोडाचे प्लास्टिक पिवळे किंवा तपकिरी पडलेले.
- कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या. हा घरातल्या अर्थिंगचा प्रश्न असू शकतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात जोडणी लावून खुपसलेला असेल, तर आधी वायरमनला बोलवा. संगणकाचे नंतर पाहू.

यांतले काहीच नसेल, तर घाई नाही.

खरोखर तापतो आहे का?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, खोलीचे तापमान मोजा. संगणकातला कोणताही पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा आणू शकत नाही. फेब्रुवारीत २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ६५ अंशांवर काम करत होता, तो नवतपाच्या दुपारी ४० अंशांच्या खोलीत ८० वर जाणार. ही १५ अंशांची वाढ खोलीची आहे, कॅबिनेटची नाही. कॅबिनेट मार्चमध्ये बदलले आणि तक्रार मेमध्ये सुरू झाली, तर पहिला संशय ऋतूवर घ्यायला हवा. म्हणून दर वेळी दोन आकडे लिहा, खोलीचा आणि आतला. तुलना दोन्हींतल्या फरकाची करा.

दुसरी गोष्ट, आकडे कुठे पाहता ते ठरवा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे. बायोसच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याची विंडोजमधल्या आकड्याशी तुलना करू नका. बायोसमध्ये प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थेत जात नाही, त्यामुळे तिथला आकडा रिकाम्या विंडोजपेक्षा जास्तच दिसतो.

तिसरी गोष्ट, भुताटकीचे आकडे ओळखा. बोर्डावरच्या देखरेखीच्या चिपला सेन्सरसाठी बऱ्याच जागा दिलेल्या असतात. त्यांतल्या काहींना कंपनीने सेन्सर जोडलेलाच नसतो. अशी रिकामी जागा मग १२७ अंश, ११५ अंश, कधी तर शून्याखालचे तापमान दाखवते. प्रोग्रॅम बिचारा तो आकडा "मदरबोर्ड" किंवा "ऑक्झिलरी" या नावाने छापतो आणि घरात घबराट पसरते. ओळखण्याची खूण सोपी आहे: यंत्र थंड असताना, सकाळी पहिल्यांदा चालू करताच हा आकडा तेवढाच असतो, आणि तासभर काम केल्यावरही हलत नाही. खरे तापमान चढते आणि उतरते. जो आकडा हलत नाही, तो सोडून द्या.

उरलेल्या आकड्यांसाठी ढोबळ मर्यादा अशा:

- बोर्डाचा सर्वसाधारण सेन्सर: खोलीपेक्षा १० ते १५ अंश जास्त असणे नेहमीचे. ४० अंशांच्या खोलीत ५५ दिसले तर घाबरू नका.
- चिपसेट: ५० ते ७०.
- प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम: जड कामात ८०–९० चालते. १०० च्या पुढे जात असेल तर उपाय हवा.
- एनव्हीएमई एसएसडी: ७० च्या आसपास आणि पुढे बऱ्याच एसएसडी स्वतःचा वेग कमी करू लागतात.
- प्रोसेसर: इंटेलच्या बहुतेक अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश. एएमडी रायझनच्या बऱ्याच प्रोसेसरांची ९० किंवा ९५. या मर्यादेला टेकताच प्रोसेसर आपला वेग उतरवतो. रायझन ७००० मालिकेतले वरच्या क्षमतेचे प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, त्यामुळे तिथे तो आकडा एकट्याने बिघाड सांगत नाही.

एका झाकणाची चाचणी

आता निदान. यासाठी लागते एक संध्याकाळ, कागद, पेन आणि भिंतीवरचे साधे तापमापक.

1. खोली बंद करा. पाण्याचा कूलर किंवा एसी जो चालू असेल तो तसाच राहू द्या, मध्येच बदलू नका.
2. कॅबिनेट पूर्ण बंद ठेवून तुमचे नेहमीचे जड काम अर्धा तास चालवा. गेम असेल तर गेम, व्हिडिओ काढत असाल तर तेच. पाच मिनिटांत घेतलेला आकडा उपयोगाचा नाही, कारण आतला धातू आणि हवा स्थिरावायला वेळ लागतो. खोली, प्रोसेसर, बोर्ड, व्हीआरएम, एसएसडी असे पाच आकडे लिहा.
3. बाजूचे झाकण काढा. काचेचे असेल तर गादीवर किंवा चादरीवर ठेवा. फरशीच्या कडेला टेकताच ही काच चुरा होते. तेच काम पुन्हा अर्धा तास चालवा आणि तेच पाच आकडे लिहा.

दोन्ही वेळच्या आकड्यांतून खोलीचे तापमान वजा करा आणि पाहा.

झाकण काढल्यावर सगळे आकडे ७–८ अंशांनी किंवा अधिक उतरले, तर दोष हवेच्या वाटेचा आहे. प्रोसेसरचा आकडा जेमतेम १–२ अंशांनी हलला, तर हीटसिंक किंवा पेस्ट पाहा. प्रोसेसर थंड आहे आणि फक्त व्हीआरएम तापतो आहे, तर तो वेगळा किस्सा आहे, पुढे येतो. आणि झाकण उघडे असताना, काम नसतानाही एकच जागा भाजते आहे, तर यंत्र बंद करून बोर्डाची पाठ तपासा.

दुकानात "बोर्ड गेला" असे सांगणाऱ्याला हा कागद दाखवा. तुम्ही मोजले आहे हे दिसले की संभाषणाचा सूरच बदलतो.

हवा अडली असेल तर

सध्या दुकानांत रांगेने मांडलेली बरीच कॅबिनेटे समोरून अखंड काचेची असतात. दिसायला देखणी. पण समोरचे तीन रंगीत पंखे हवा कुठून घेणार? काचेच्या कडेची बोटभर फट, बस. तुमचे जुने पत्र्याचे कॅबिनेट कुरूप असेल, पण त्याच्या तोंडावर जाळी होती. माझे मत स्पष्ट आहे: ज्या गावात मे महिन्यात पारा ४४–४५ पर्यंत जातो, तिथे समोरून बंद कॅबिनेट घेऊ नये. खरेदी करताना समोरच्या जाळीतून पलीकडचा पंखा दिसतो का, एवढे पाहिले तरी पुरे.

घेऊन झाले असेल तर आधी जागा पाहा. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवलेले असेल, तर मागून निघालेली गरम हवा कप्प्यात घुमून पुन्हा समोरून आत जाते. अशा वेळी कितीही पंखे लावा, उपयोग नाही. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा आणि मागे भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. कित्येक घरांत एवढ्यानेच प्रश्न संपतो.

मग पंख्यांची दिशा. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीला जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरचे आणि खालचे पंखे आत घेणारे, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारे, ही नेहमीची मांडणी. खात्रीसाठी पातळ कागदाची पट्टी जाळीजवळ धरा, किंवा उदबत्ती बाहेरच्या बाजूने धरून धूर कुठे जातो ते पाहा. राख आत पडू देऊ नका. कॅबिनेटमध्ये दुकानातूनच बसवून आलेले पंखेही उलटे असू शकतात, विशेषतः काचेमागून चमकणारी बाजू बाहेर दिसावी म्हणून बसवलेले.

पंखे फिरतात का, आणि किती वेगाने, हेही पाहा. स्वस्त कॅबिनेटचे पंखे अनेकदा एसएमपीएसच्या मोलेक्स जोडावर चालतात. बोर्डाला त्यांचा पत्ता नसतो, त्यामुळे तापमान वाढले तरी त्यांचा वेग वाढत नाही. बोर्डावरच्या पंख्याच्या पिनांना जोडता येत असतील तर तिथे जोडा, मात्र एका जोडावर तीन-चार पंखे लटकवू नका. बहुतेक बोर्डांवर असा जोड १ अँपिअरपर्यंतच वीज देतो. रंगीत दिव्यांची तार लावताना जपा: तीन पिनांची ५ व्होल्टची आणि चार पिनांची १२ व्होल्टची या वेगळ्या जाती आहेत. पहिली दुसरीवर बसवली तर दिवे जळतात.

रायपूरची धूळ हा स्वतंत्र विषय आहे. उरला-सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी भुकटी गच्चीवर झाडताना आपण रोज पाहतो, तीच कॅबिनेटच्या जाळीवरही बसते. नव्या कॅबिनेटच्या बारीक जाळ्या धूळ चांगली अडवतात, आणि म्हणूनच लवकर तुंबतात. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी काढून, धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. आत ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते वेडेवाकडे गरगरून बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डावर फिरवू नका. त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते.

आणि पाण्याचा कूलर. लू वाहत असते तेव्हा हा कूलर खोलीचे तापमान बरेच उतरवतो, आणि संगणकाला त्याचा फायदाच होतो. पण कॅबिनेट थेट त्याच्या झोतात ठेवू नका. खस भिजून पाण्याचे बारीक थेंब उडतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे डाग बनून बसतात. कूलरपासून दोन-तीन हात दूर, झोताच्या बाजूला ठेवा. जुलैनंतर हवा दमट झाली की कूलर थंडावा कमी आणि ओल जास्त देतो. तेव्हा तो संगणकाच्या खोलीत चालवूच नका.

झाकण उघडूनही फरक पडला नाही तर

आता संशय हीटसिंकवर. कॅबिनेट बदलताना बोर्ड हलतो, वाकतो, कधी हीटसिंक धरूनच उचलला जातो. इंटेलच्या प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या हीटसिंकला चार पायांच्या पिना असतात, आणि त्यांतली एक सुटली तरी बाहेरून सगळे जागच्या जागी दिसते. हीटसिंक हळूच हलवून पाहा. डुगडुगत असेल तर पीन सुटली आहे. बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही पायांची टोके सारखी बाहेर आली आहेत का, तेही बघा. पुन्हा बसवताना समोरासमोरच्या कर्णातल्या दोन पिना एकदम दाबायच्या, मग उरलेल्या दोन.

हीटसिंक एकदा सुटला की जुनी पेस्ट चालत नाही. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मध्यावर वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि दाबाने पसरू द्या. नवा हीटसिंक घेतला असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढली आहे ना? ती तशीच राहिल्याने तापलेली यंत्रे कमी नाहीत.

एएमडीच्या एएम४ बोर्डवाल्यांनी एक काळजी घ्यावी. त्या प्रोसेसरला पिना असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे तो हीटसिंकला चिकटून सॉकेटातून उपटून येतो. काढण्याआधी यंत्र दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, हीटसिंक हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढू नका.

फक्त व्हीआरएम तापत असेल तर

नव्या कॅबिनेटसोबत बरेच जण लिक्विड कूलरही घेतात. प्रोसेसर लगेच थंड होतो, आणि बोर्ड मात्र तापू लागतो. कारण साधे आहे. जुना गोल पंखा खाली तोंड करून फुंकत होता आणि त्याच्या कडेने निसटलेली हवा शेजारच्या व्हीआरएमवरून जात होती. लिक्विड कूलरने पंखा उचलून छताला नेला आणि ती फुकटची हवा बंद झाली. व्हीआरएमवर धातूची पट्टी नसलेल्या स्वस्त बोर्डांना हे फार जाणवते.

उपाय असा: मागचा पंखा चालू आहे याची खात्री करा, वरच्या पंख्यांपैकी एखादा व्हीआरएमच्या जवळ येईल असे पाहा, आणि जमल्यास एक छोटा पंखा त्या भागाकडे तोंड करून बांधा. लिक्विड कूलरचा पंप बोर्डावरच्या पंपाच्या जोडाला लावा आणि बायोसमध्ये तो जोड पूर्ण वेगावर ठेवा. रेडिएटर उभा लावला असेल तर त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच हवे. नाहीतर हवेचा बुडबुडा पंपात अडकतो आणि गुळगुळ आवाज येत राहतो.

बोर्डाची पाठ

घरच्या फेरबदलात बोर्ड खरोखर मरतो तो बहुधा इथे. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट बसत नाही. मध्ये छोटे पितळी खांब असतात, दुकानात त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्डाच्या पाठीवर झाळकामाची शेकडो टोके उघडी असतात आणि ती पत्र्याला लागू नयेत एवढेच या खांबांचे काम.

घोळ असा होतो. कॅबिनेट मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी, म्हणजे ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरच्या बोर्डासाठी, खांब लावूनच येते. आपल्याकडे घरोघरी असतो तो मायक्रो एटीएक्स, लांबी-रुंदी जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर. त्याची भोके सगळ्या खांबांशी जुळत नाहीत. जो खांब भोकाखाली येत नाही, तो बोर्डाच्या पाठीला टेकतो. नशीब बरे असेल तर तो रिकाम्या जागी टेकतो आणि वर्षभर काहीच होत नाही. नशीब वाईट असेल तर वीजवाहक टोकाला टेकतो, आणि एखादी चिप विनाकारण भाजू लागते किंवा यंत्र चालूच होत नाही.

तपासण्याची पद्धत:

- प्लग काढा, एसएमपीएसचे मागचे बटण बंद करा आणि चालू करण्याचे बटण दोनदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या.
- कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल.
- बोर्ड बाहेर काढा. त्याची भोके मोजा, पत्र्यावरचे खांब मोजा. प्रत्येक भोकाखाली एक खांब हवा, आणि भोक नसलेल्या जागी एकही नको.
- जास्तीचा खांब पक्कडीने फिरवून काढा. मध्यभागी आटे नसलेला, टोकदार खांब असेल तर तो बोर्ड जागेवर धरण्यासाठीचा आहे. त्याला जुळणारे भोक तुमच्या बोर्डावर असेल तर राहू द्या.
- खांब कमी असतील तर ते बसवा. आधार नसलेल्या जागी बोर्ड दाबाने वाकतो आणि आतले पातळ थर तडकतात.
- पडलेला स्क्रू, तारेचा तुकडा, मागे बसवायच्या पातळ पत्र्याची यूएसबीच्या भोकात वळलेली जीभ, हे सगळे बॅटरीच्या उजेडात शोधा.
- पुढच्या यूएसबीची तार लावताना एखादी पीन वाकली का, तेही पाहा.

स्क्रू दोन जातींचे असतात, जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. एकाच्या जागी दुसरा जबरदस्तीने घुसवू नका. आटे गेले की तो खांब पुन्हा धरत नाही.

कॅबिनेटचा स्क्रू आग लावू शकतो, ही अतिशयोक्ती वाटत असेल तर एनझेडएक्सटी या अमेरिकी कंपनीचे एच१ हे कॅबिनेट आठवा. त्यात ग्राफिक्स कार्डाची जोडपट्टी पत्र्याला बसवणारे स्क्रू पट्टीच्या आतल्या वीजवाहक थराला लागून शॉर्ट होऊ शकत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे ३२,००० नग परत बोलावण्यात आले. कंपनीची चूक होती, ग्राहकाची नव्हे. पण धातूचा एक स्क्रू किती करू शकतो हे त्यातून कळते.

एवढे करूनही खात्री नसेल तर बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून, कॅबिनेटबाहेर चालवून पाहा. बाहेर तापत नाही आणि आत तापतो, म्हणजे बोर्ड निर्दोष. तो ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवून मात्र चालू करू नका, कारण त्या पिशवीत धातूचा थर असतो. हे काम आधी कधी केले नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा.

एसएमपीएसच्या तारा

कॅबिनेटसोबत एसएमपीएसही बदलला असेल आणि तो सुट्या तारांचा असेल, तर जुन्या एसएमपीएसच्या तारा नव्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी क्षणात जातात. "तारा आधीच ओवलेल्या आहेत, राहू दे" हा आळस फार महाग पडतो.

२४ पिनांचा मोठा जोड आणि प्रोसेसरजवळचा ८ किंवा ४ पिनांचा जोड "टक्" असा आवाज येईपर्यंत बसवा. अर्धवट बसलेल्या जोडात थोड्याच पिनांतून सगळी वीज वाहते, तिथेच उष्णता होते आणि प्लास्टिक वितळते.

बायोसकडे एक नजर

बोर्ड काढताना गोल बॅटरी निघाली असेल तर तुमच्या जुन्या सेटिंग पुसल्या गेल्या. पंख्यांच्या वेगाची मांडणी गेली, आणि काही बोर्डांवर प्रोसेसरच्या वीजवापराची मर्यादाही सैल झाली. उदाहरणार्थ, इंटेलच्या आय५-१२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॉट आणि टर्बोची ११७ वॉट आहे. बायोसमध्ये या मर्यादा पुन्हा घाला, उष्णता लगेच कमी होते. रायझनवाल्यांनी इको मोड वापरावा. तीन पिनांचा पंखा असेल तर तो जोड डीसी वर, चार पिनांचा असेल तर पीडब्ल्यूएम वर ठेवा.

तुमचा प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीतला वरच्या क्षमतेचा असेल आणि तापमान ठीक असूनही यंत्र लटकत असेल, तर कॅबिनेटला दोष देऊ नका. त्या प्रोसेसरांतला दोष इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधी बायोस अद्ययावत करा.

बोर्ड खरेच सदोष निघाला तर: बिल, वॉरंटी, हक्क

असेंबल केलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. बोर्डाची बहुधा ३ वर्षे. कॅबिनेट बदलले म्हणून ती संपत नाही. ती नाकारली जाते ती वाकलेल्या पिना, ओरखडे, जळल्याचे डाग आणि खरवडलेला सीरियल नंबर दिसल्यावर. म्हणून बोर्ड काढण्याआधी आणि काढल्यावर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या.

लालगंगा मॉलमधून घ्या की ऑनलाइन मागवा, पक्के बिल घ्याच. "बिल नको असेल तर स्वस्तात देतो" हे ऐकून थोडे पैसे वाचतात, आणि मग हातात पुरावा राहत नाही. बिल न देणे हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत परत न घेणेही त्यातच येते. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही, हे दुकानदाराला नम्रपणे सांगा.

दुकानात बोर्ड दुरुस्तीला किंवा बदलीला दिला तर पावतीवर मॉडेल, सीरियल नंबर, तक्रार आणि तारीख लिहून घ्या. कॅबिनेट त्यांनीच बसवून दिले असेल आणि जास्तीच्या खांबाने बोर्ड जळला असेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि तिची भरपाई मागता येते.

दाद मागण्याची पायरी अशी:

- आधी लेखी तक्रार, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, फोटो आणि तुमच्या चाचणीच्या कागदासह.
- ऑनलाइन खरेदीत संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतही बोलता येते.
- तरीही नाही झाले तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता मुंबईचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रायपुरातच, तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

संगणक धंद्यासाठी घेतला असेल तर विक्रेता "तुम्ही ग्राहक नाही" असा मुद्दा काढतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः काम करणाऱ्याने घेतलेली वस्तू या अपवादातून सुटते. घरून काम करणारे आणि छोटे स्टुडिओवाले यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि एक विनंती. यंत्र दुकानात सोडताना एसएसडी आणि हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. त्यात घरचे फोटो आहेत, बँकेची कागदपत्रे आहेत, लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ आहेत. बोर्ड तापतो का हे तपासायला त्यांची गरज लागत नाही, बायोसचा पडदा त्यांच्याशिवायही उघडतो.